दोनशे रुपयांनी पुढे गेलेला माणूस

शेवटचा साधा दिवस शनिवार होता, आणि त्या दिवशी मी आप्पांशी एका नाण्यावरून वाद घातला. वाद म्हणजे आमच्या घरच्या मापाने वाद. ते इंदापुरात फोन कानाला धरून गप्प बसले आणि मी बारामतीत फोन कानाला धरून बोलत राहिले.

मुद्दा असा होता. बारामतीत नाणी जमवणाऱ्यांचं एक मंडळ आहे. वर्षातून दोनदा ते जळोचीच्या, म्हणजे मी राहते त्याच भागातल्या, एका मंगल कार्यालयात लिलाव भरवतं. ज्याला यायचं तो येतो, ज्याला यायचं नाही तो मोबाइलवरून बोली लावतो. त्या दिवशीच्या यादीत एकशे बारा नंबरला १९८५ सालचा एक रुपया होता, टाकसाळीतच सरकून छापला गेलेला. राजमुद्रेतले सिंह अर्धे नाण्यावर, अर्धे हवेत. अशा चुकलेल्या नाण्यांना धडधाकट नाण्यांपेक्षा जास्त किंमत येते, ही या छंदातली मला पटलेली एकमेव गोष्ट.

आप्पा एस.टी.त कंडक्टर होते, इंदापूर आगारात, चौतीस वर्षं. असाच एक रुपया १९८६ साली नरसिंहपूरच्या गाडीत त्यांच्या हातात आला होता. त्यांनी तो वरच्या खिशात वेगळा ठेवला, आणि संध्याकाळी आगारात भरणा करताना नेमका एक रुपया कमी पडल्यावर निमूटपणे कॅशियरपुढे ठेवला. महिनाअखेर होती, बदली ठेवायला दुसरा रुपया नव्हता. यादीतला रुपया तोच असावा, असं त्यांचं म्हणणं.

"फोटूवरनं कळत न्हाय. हातात घेतल्यावर कळंल," ते म्हणाले. "मला गाडीनं घिऊन चल तितं."

मी म्हटलं, आप्पा, ऊन हे असं, तुमचे गुडघे तसे, आणि जाऊन-येऊन शंभर किलोमीटर. घरबसल्या होतं. तुमच्या नावाचं खातं मीच उघडून दिलंय. जास्तीत जास्त किती ते सांगा, मी लावते.

"नाणं हातात न घेता बोली लावायची म्हंजे तिकीट न फाडता पैसं घ्यायचं," आप्पा म्हणाले. मग, "बरं. साडेचार हजारापर्यंत लाव."

एकशे बारा नंबर चारच्या सुमाराला येणार होता. मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. त्या दिवशी आमच्याकडे मूल्यांकन समिती आली होती, आणि समितीतल्या एका सदस्यांना वाचकांची गेल्या पाच वर्षांची आकडेवारी रंगीत आलेखासह हवी होती. चार वाजता मी आलेखात हिरवा रंग भरत होते. सव्वासहाला आठवण झाली तेव्हा पडद्यावर 'लिलाव समाप्त' असं आलं होतं.

साडेसहाला आप्पांचा फोन आला. मी म्हटलं, "कोणीतरी पुढे गेला, आप्पा. दोनशे रुपयांनी."

"दोनशेनं?"

"हो."

"असू दे," ते म्हणाले. "त्याला जास्त हौस असंल."

रविवारी सकाळी आईने त्यांना चहाला हाक मारली, ती त्यांना ऐकू गेली नाही.

दोनशे रुपयांनी पुढे गेलेला माणूस मात्र राहिला. त्याला मी जन्माला घातलं आणि आईने पोसलं. दर रविवारी मी इंदापूरला गेले की भाकरी थापता थापता ती त्याचा समाचार घ्यायची. "कोण मेला व्हता कुणास ठाव. म्हाताऱ्या माणसाची एक हौस व्हती, ती बी पुरी हू दिली न्हाय. त्याच्या हाताला कायम खाज सुटू दे." मी परातीकडे बघत बसायची. आईचे शाप साधे आणि शारीरिक असतात. सात महिन्यांत त्या माणसाला खाज झाली, उचकी झाली, कानात किडा गेला, दाढ ठणकली. मधे एकदा माझीच दाढ दुखायला लागली तेव्हा दवाखान्याच्या पायरीवर मी जरा थबकले होते. मी विज्ञानवादी घरातली आहे. पण दाढ दुखताना माणूस फार वेळ कुठल्याच वादाचा राहत नाही.

डिसेंबरात मंडळाची नवी यादी आली. आप्पांच्या नावाने येणारी टपालं मी अजून बंद केलेली नाहीत. सत्त्याऐंशी नंबरला तोच रुपया होता, आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'मागील लिलावात एकही बोली न आल्यामुळे पुन्हा समाविष्ट.'

ते वाक्य मी तीनदा वाचलं. एकही. म्हणजे मी हिरवा रंग बाजूला ठेवून एकदा बोट टेकवलं असतं, तर पुरे होतं.

मग मी ठरवलं. नाणं घ्यायचं, इंदापूरला जायचं, ते आईच्या तळहातावर ठेवायचं आणि मग तिला खरं सांगायचं. रिकाम्या हाताने सांगण्याचा धीर मला सात महिन्यांत झाला नव्हता आणि पुढच्या सात वर्षांत होईल अशी चिन्हं नव्हती.

एवढं होऊनही मी आधी मोबाइलवरच गेले. अनुभवाने माणूस शहाणा होतो असं मानणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. माझ्या नावाने खातं उघडायला लागले तर उत्तर आलं, 'या पत्त्यावर आधीच एक खाते आहे.' आप्पांचं खातं उघडताना मी माझाच जळोचीचा पत्ता दिला होता. ते बंद करा म्हणून लिहिलं, खातेदार हयात नाहीत हेही लिहिलं. उत्तर आलं: 'आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. खाते बंद करण्यासाठी खातेदाराने ओळखपत्र हातात धरून काढलेला स्वतःचा ताजा फोटो पाठवावा.' मी मृत्यूचा दाखला पाठवला. फाइल फार मोठी आहे म्हणाले. लहान करून पाठवली. आता नाव वाचता येत नाही म्हणाले. शेवटी फोन केला. एका मुलीने फार गोड आवाजात विचारलं, "सर स्वतः दोन मिनिटं लाइनवर येऊ शकतील का?"

"नाही येऊ शकणार."

"मग साधारण कधी येतील, मॅडम?"

माझं वाचन बरं आहे असं लोक म्हणतात. या प्रश्नाचं उत्तर मला कुठे वाचल्याचं आठवेना.

"मग मॅडम, तुम्ही प्रत्यक्षच या ना," ती म्हणाली. "तिथे नुसतं आधार कार्ड चालतं." आप्पांचं खातं होतं तसंच चालू राहिलं.

प्रत्यक्ष जायचं ठरल्यावर ते गुप्त ठेवायचं होतं. म्हणून मी फक्त शेजारच्या जयवंताकाकूंना, तेही त्या दिवशी दूध घेऊन ठेवा एवढं सांगण्यापुरतं सांगितलं. काकूंचे यजमान एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात आहेत, त्यामुळे दूध हा त्यांच्याकडे गंभीर विषय आहे. पण लिलाव त्याहून गंभीर निघाला. काकू बारा वर्षं लिलावाच्या भिशीत आहेत.

"मेघनाताई, सगळं साडीवर असतंय," त्या माझ्या कपाटासमोर बसून म्हणाल्या. "भारी नेसलात तर बोली चढत जाती. माझी जाऊ पैठणी नेसून भिशीला बसली, बसली ती बसलीच. आन् अगदी साधी नेसलात तर समोरच्याला वाटतंय, हिला काय परवडायचं न्हाय, मग तो अंगावर येतोय. तुम्ही मध्यम नेसा."

माझ्याकडे सगळ्या मध्यमच आहेत, असं मी म्हटलं. काकूंनी कपाटात पाहिलं आणि ते मान्य केलं.

"आन् नाण्याकडं बघायचं न्हाय. डोळ्यातली हाव दिसती. छताकडं बघायचं."

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट गेणबातात्यांपर्यंत पोहोचली. तात्या हे आप्पांच्या गाडीचे ड्रायव्हर. वीस वर्षं एकाने घंटी मारली आणि दुसऱ्याने गाडी सोडली, याला तात्या मैत्री म्हणत नाहीत, ड्यूटी म्हणतात. आता ते जळोचीतच मुलीकडे राहतात. ते आले, खुर्चीत बसले आणि आप्पांचं नाव घेऊन म्हणाले, "श्रीपतरावांचं नाणं हाय, म्या येणार."

मी म्हटलं, तात्या, गर्दी असते, दिवसभर बसावं लागतं.

"पोरी, मला लिलाव शिकवू नगंस. आमच्या गावच्या जत्रंत नारळाचा लिलाव असतो. अकरा वरीस म्या बोलतोय. आन् आमच्याकडं एक रीत हाय. घरातलं माणूस गेल्यालं असलं आन् त्याच्या नावानं कोण बोलाय उभं ऱ्हायलं, की बाकीचं गाव गप बसतं. एक बोली, नारळ त्याचा. तितं बी आपुन तेच सांगू."

"तात्या, तिथे असं काही सांगायचं नाही," मी म्हटलं. "कोणालाच नाही." लोकांच्या हळहळीपुढे मला उभं राहता येत नाही. शोकसभेतसुद्धा मी खुर्च्या मोजण्याच्या निमित्ताने मागे थांबले होते.

"न्हाय सांगत," तात्या म्हणाले. ते इतक्या लगेच म्हणाले की मला तेव्हाच कळायला हवं होतं.

लिलावाच्या दिवशी मंगल कार्यालयाच्या दारात दोन बाण होते. एकावर 'साखरपुडा', दुसऱ्यावर 'नाणी'. आम्ही नाण्यांच्या बाणाने गेलो आणि साखरपुड्यात पोहोचलो. तिथे आम्हाला अत्तर लावलं गेलं, गुलाबपाणी शिंपडलं गेलं आणि मुलीकडचे की मुलाकडचे असं विचारलं गेलं. तात्यांनी "दोनीकडचं" असं सांगून पोह्याची बशी घेतली. वीस मिनिटं गेली. खऱ्या सभागृहात पोहोचलो तेव्हा माझ्या मध्यम साडीला गुलाबाचा वास येत होता, आणि व्यासपीठावर आदल्या दिवशीच्या लग्नाची थर्मोकोलची अक्षरं तशीच होती. नवरा-नवरीच्या लाल कोचावर नाण्यांच्या पेट्या मांडल्या होत्या. लिलाव पुकारणारे अविराजशेठ जाकीट घालून त्यांच्याशेजारी उभे होते, त्यामुळे पेट्यांशीच त्यांचं लग्न लागतंय असं लांबून वाटत होतं.

नोंदणीच्या टेबलावर एक अर्ज भरायचा होता. 'संग्राहकाचा प्रकार: नवशिका, हौशी, व्यावसायिक.' मी तिन्हींपैकी काहीच नव्हते. 'इतर' लिहिलं. टेबलावरच्या गृहस्थांनी 'इतर' खोडून 'हौशी' केलं. मला एकोणचाळीस नंबरची पाटी मिळाली. मी वळून बघते तर तात्यांच्या हातात चाळीस नंबरची.

"तुम्ही कशाला घेतली?"

"आधार दावलं, त्यांनी दिली. फुकट हाय."

लिलावाआधी नाणी हातात घेऊन बघता येतात. याच एका गोष्टीसाठी आप्पांना यायचं होतं. पांढरे हातमोजे घालून मी सत्त्याऐंशी नंबरचा रुपया उचलला. एका बाजूला कोरी चंद्रकोर, दुसऱ्या बाजूला अर्धे सिंह. मी तो उलटा केला, सुलटा केला, कडेने फिरवला. हातात घेतल्यावर कळंल, असं ते म्हणाले होते. काय कळंल, हे मी विचारलं नव्हतं. मला इतकंच कळलं की तो एक रुपया आहे आणि मोज्यातही गार लागतो.

"इकडं आण," तात्या म्हणाले. त्यांनी मोजे घातले नाहीत. रुपया दोन बोटांत धरला आणि मी काही बोलायच्या आत फरशीवर टाकला.

खण्ण असा स्वच्छ आवाज झाला आणि पाठोपाठ सभागृहातून एक सामुदायिक उसासा आला. अविराजशेठ जाकीट सावरत धावले. "अहो तात्या, काय करताय काय."

"वाजवून बघितला. बद्द न्हाय, खरा हाय."

"कडा दबली तर किंमत निम्मी होते."

"आवो रुपया हाय का पापड. माज्या गाडीत रोज पन्नास पडायचं."

भिंगं आली, टॉर्च आले. तीन जाणकारांनी रुपया तपासला आणि नवी इजा नाही, असा निर्वाळा दिला. तेवढा वेळ मी काकूंच्या सल्ल्याप्रमाणे छताकडे बघत होते. तिथे चार फुगे अडकले होते.

सत्त्याऐंशी नंबर जेवणानंतर पुकारला गेला. "एक रुपया, एकोणीसशे पंच्याऐंशी, सरकलेली छपाई. सुरुवात दोन हजार." माझ्या पुढच्या रांगेत सोलापूरचे एक व्यापारी तीन मोबाइल घेऊन बसले होते. त्यांनी पाटी उचलली. मी उचलणार, तेवढ्यात माझ्या शेजारी तात्या उभे राहिले.

"मंडळी, जरा थांबा. ही पोरगी हाय ना, हिचा बाप आमचा कंडक्टर. सात म्हैनं झालं, गेला बिचारा. हेच नाणं त्याला पायजे व्हतं. तवा मिळालं न्हाय. आता ती त्याच्या नावानं बोलणार हाय. बाकी तुमी शाणीसुरती मानसं हायती."

मी जमिनीत जायला तयार होते, पण मंगल कार्यालयाची फरशी पक्की असते. शंभर माणसं माझ्याकडे वळून बघत होती. आणि मग मला अजिबात अपेक्षित नसलेली गोष्ट घडली. सोलापूरच्या गृहस्थांनी पाटी खाली घेतली, उलटी करून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "घ्या, ताई." पलीकडच्या रांगेतल्या दोघांनी पाट्या पिशवीत टाकल्या. नाण्यांसाठी एकमेकांचे गळे धरायला आलेली ती माणसं मांडीवर हात ठेवून बसून राहिली. मला वाटलं, आप्पा या लोकांत बसायला म्हणून येऊ बघत होते की काय.

मी पाटी वर केली. "दोन हजार, एकोणचाळीस नंबर," अविराजशेठ लग्न लावल्यासारखे हळुवार म्हणाले. "दोन हजार एकदा. दोन हजार दोनदा."

"ऑनलाइन अडीच," लॅपटॉपवर बसलेल्या बाई म्हणाल्या.

सगळं सभागृह लॅपटॉपकडे वळलं.

मी तीन म्हटलं. ऑनलाइन साडेतीन आलं. मी चार. ऑनलाइन साडेचार. सभागृहात कुजबुज सुरू झाली.

"कोण आहे हा?"

"नाव सांगता येत नाही. गोपनीय असतं," लॅपटॉपवाल्या बाई ओशाळून म्हणाल्या.

"त्याला कळवा ना, इथं काय बोलणं झालंय ते."

"तशी सोय नाही."

"तोंड दावायचं न्हाय, बाकीच्यांचं ऐकायचं न्हाय, नुसता आकडा टाकायचा," तात्या म्हणाले. "असल्याला जत्रंत नारळ तर सोडाच, करवंटी दिली नसती."

मी पाच म्हटलं, ऑनलाइन साडेपाच आलं. मी सहा म्हटलं. "साडेसहा," असा मोठा आवाज माझ्याच कानाशी आला. चाळीस नंबरची पाटी वर होती.

"तात्या, तुम्ही तुमच्याच माणसाच्या वर बोललात," अविराजशेठ म्हणाले.

"वर न्हाय बोललो. तिला जोर दिला."

तो जोर रद्द करता येतो का, यावर नियमावली काढण्यात आली. येत नाही, असं ठरलं. तेवढ्यात ऑनलाइन सात आले आणि प्रश्न सुटला. सोलापूरच्या गृहस्थांनी जनरेटर चालू आहे का ते विचारलं, आणि नसेल तर मेन स्विच कुठे आहे तेही विचारलं. अविराजशेठ म्हणाले, नियमात बसत नाही. पण त्यांनी मेन स्विचच्या दिशेने एकदा पाहिलं, हे मी पाहिलं.

मलाही आता त्या माणसाचा राग यायला लागला होता. छताकडे बघणं मी कधीच सोडून दिलं होतं. सात महिन्यांपूर्वी मी तोंडाला येईल ते बोलून ज्याला तयार केलं, तोच कुठेतरी आरामात पाय पसरून बसलाय आणि माझ्या बोटाच्या वर बोट ठेवतोय असं वाटत होतं. साडेनऊ हजार मी इतक्या जोरात म्हटलं की साखरपुड्यातून कोणीतरी डोकावलं.

पलीकडून काही आलं नाही.

"साडेनऊ एकदा," अविराजशेठ म्हणाले, आणि माझा फोन थरथरला. आईचा होता. मी तो बंद केला. पुन्हा आला. आईचा फोन दोनदा न उचलण्याची हिंमत आता माझ्यात नाही. मी अविराजशेठना हाताने एक मिनिट असं दाखवलं. त्यांनी ते दिलं. त्या दिवशी ते मला काहीही द्यायला तयार होते. सगळे गप्प बसले.

"मेघना, कामात हायस का?"

"बोल, आई." मी आवाज शक्य तेवढा खाली ठेवला.

"ह्यांचं पॅनकार्ड कुठं ठिवलंय गं? दहा हजार टाकलं तर ह्यो पॅन नंबर मागतोय. त्या बिगर पुढं जात न्हाय."

"कोण मागतोय?"

"लिलाव. ह्यांच्या फोनवर. परवा म्यासेज आल्ता, तुमचं नाणं परत आलंय म्हणून. मला काय दाबता येत न्हाय व्हय? तू शिकवायला बसलीस का त्यांना, तवा म्या चुलीपाशी बसून समदं ऐकत व्हते."

मला बसायला हवं होतं, पण मी आधीच बसलेली होते.

"ऐक की," आईचा आवाज चढला होता. असा ताजा आवाज मी सात महिन्यांत ऐकला नव्हता. "त्योच मेला हाय. तवा दोनशे रुप्यानं न्हेलं, आज बी येऊन बसलाय तितं. म्या टाकलं की वर टाकतोय. मदी तर एकदम हजारानं उडी मारली भाड्यानं. पर त्याला न्हिऊ द्यायची न्हाय मी. पाटल्या मोडीन. तू नंबर सांग."

पॅनचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. तो सांगितला असता आणि पाटी पिशवीत टाकली असती, की झालं असतं. नाणं कोणाच्याही नावावर गेलं तरी आमच्याच घरी येणार होतं. आईने त्या माणसाला हरवलं असतं. पुढची कित्येक वर्षं भाकरी थापता थापता तिने ते सांगितलं असतं, आणि तिला त्या माणसाची खाज, उचकी, दाढ कशाचीच गरज उरली नसती. मी फक्त परातीकडे बघायचं होतं. ते मला चांगलं जमतं.

"मॅडम?" अविराजशेठ म्हणाले.

"काय म्हणत्यात वहिनी?" तात्यांनी विचारलं.

"लवकर सांग गं," आई म्हणाली. "त्यो पुढं जाईल."

शंभर माणसांनी माझ्यासाठी धरलेली शांतता अजून तशीच होती, आणि तिच्यात हळू बोलायची सोय नव्हती.

"आई, पुढे जाणारं कोणी नाही," मी म्हटलं. "आज इथे मी बसलेय. आणि त्या दिवशी तर कोणीच नव्हतं. मी बोली लावायची विसरले, आणि आप्पांना खोटं सांगितलं."